आल्केसच्या तिसऱ्या वळणावरची पावाची गाडी

जरा थांबा. काचेला नाक लावून आत बघून झालं असेल, तर दोन मिनिटं ऐकूनही घ्या. मी पावाची गाडी बोलतेय. आता माझ्यात पाव नाही, डिझेल नाही, ब्रेक तर मागच्या वर्षीच गेले. जीभ मात्र शाबूत आहे आणि चौकशा करायची खोडही तशीच आहे. तुम्ही कुठून आलात, एवढी मोठी टोपी कशाला, नवराबायको आहात की नुसतेच बरोबर, हे सगळं मला विचारायचंय. पण आधी माझं ऐका.

माझा जन्म वायादोलिदच्या कारखान्यातला. पांढरा रंग, मागे दोन दारं, पुढे दोन माणसांची जागा. पहिली चार वर्षं मी सारागोसातल्या एका फुलवाल्याकडे होते. सकाळी लग्न, दुपारी मयत, असा माझा दिवस जायचा. एकाच टोपलीतले गुलाब दोन्हीकडे जातात, याचं मला फार नवल वाटायचं. फुलवाल्याला त्याचं काही नव्हतं. पुढे तो थकला, दुकान बंद झालं, आणि एव्हेलियो नावाचा बेकरीवाला मला घेऊन डोंगरात आला. फुलांचा वास जाऊन पावाचा वास लागायला पुरता एक महिना गेला. तोवर गिऱ्हाइकं पाव हातात घेऊन हुंगायची आणि एव्हेलियोकडे संशयानं बघायची.

एव्हेलियोची बेकरी खाली नदीकाठी, आल्बेरोला. तिथून रस्ता घळीच्या कडेकडेनं वर चढतो. आधी सान पेलाय लागतं, मग कास्तेलार, आणि सगळ्यात वर, खडकाच्या अगदी डोक्यावर, आल्केस. एका बाजूला लाल खडक सरळ उभा आणि दुसऱ्या बाजूला काही म्हणजे काहीच नाही. पहिल्या दिवशी मी भीतभीत खाली पाहिलं, तर गिधाडं माझ्या खालून उडत होती. गिधाडाची पाठ कशी असते, हे मला त्या दिवशी कळलं. तपकिरी असते आणि उन्हात बरी दिसते.

आमच्याकडे पाव देण्याची एक रीत आहे. सकाळी लोक दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवून ठेवतात. मी चौकात येऊन तीनदा हॉर्न वाजवते आणि एव्हेलियो दारोदार जाऊन पिशवीत पाव टाकतो. पिशवीच नसली तर घरचे परगावी गेलेत असं समजायचं. आणि आधी टाकलेला पाव पिशवीत तसाच लटकत असला, तर सगळं सोडून दार ठोठावायचं. एव्हेलियोनं माझ्यादेखत चारदा ठोठावलं. दोनदा माणूस तापानं फणफणलेलं होतं, एकदा जिन्यावरून पडलेलं होतं, आणि एकदा आम्हाला उशीर झाला होता. 

मी आले तेव्हा आल्केसमध्ये सात दारं उघडी होती. मग पाच झाली, मग तीन. शेवटी दोनच उरली. चौकाच्या एका अंगाला निळ्या दाराची ओरोसियामावशी, दुसऱ्या अंगाला सज्जावाले सेनोनकाका. मधे बारा पावलांचं अंतर, आणि दोघांचा एकमेकांशी अबोला. साधासुधा नाही, वर्षानुवर्षांचा.

मला हे काही केल्या कळेना. अख्ख्या गावात दोन माणसं, आणि ती बोलत नाहीत म्हणजे काय? थंडीत कुडकुडत असताना माणूस दगडाशीही बोलेल. मावशी एव्हेलियोशी मात्र तोंड भरून बोलायची. आज पाव करपलाय, काल कच्चा होता, तुझ्या बापाच्या हाताला चव होती, असं रोज काहीतरी. काका सज्जात उभे राहून कान देऊन ऐकायचे. मग एव्हेलियो त्यांच्या दाराशी गेला की हळूच विचारायचे, काही म्हणाली का?

"म्हणाली, पाव करपलाय."

"ते ऐकलं. मला काही?"

"नाही, काका."

काका मान हलवून आत जायचे. पण पाव कापायचे नाहीत. निळ्या दाराची पिशवी रिकामी झालेली सज्जातून दिसली की मगच जेवायला बसायचे. एव्हेलियोला हे ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, फक्त मावशीला नव्हतं. रोज विचारण्याचा आणि रोज नाही ऐकण्याचा त्या माणसाला कंटाळा कसा येत नाही, हे एक कोडंच होतं. त्यांना काही मोठं मागायचं नव्हतं. मरायच्या आधी ओरोसियानं एक शब्द बोलावा, शिवी दिली तरी चालेल, असं त्यांनी एकदा एव्हेलियोला सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट मला खुपायची. मावशी कधी माझ्यात बसली नाही. जत्रेला खाली जायचं असलं की ती खेचरांच्या जुन्या वाटेनं उतरायची. दोन तास उतरायला आणि तीन चढायला. एव्हेलियो दरवेळी म्हणायचा, मावशी, बसा की. ती म्हणायची, मला पाय आहेत. मला वाटायचं माझ्यातच काही खोट आहे. मी पुढची सीट आतून किती वेळा निरखून पाहिली असेल.

उलगडा झाला तो एव्हेलियोच्या गुडघ्यांमुळे. गुडघे गेले, आणि त्याची लेक इसार्बे सारागोसातली नोकरी सोडून गाडी चालवायला आली. पहिल्या दिवशी बाप शेजारी बसून तिला रस्ता शिकवत होता. कुठे गिअर बदलायचा, कुठल्या दाराशी कोणता पाव. आल्केस जवळ आलं तसा तो सांगायला लागला आणि मी कान टवकारले.

हा रस्ता आणला सेनोनकाकांनी. तेव्हा ते गावचे मुखिया होते. खालच्या कचेऱ्यांत खेटे घालून, हातापाया पडून त्यांनी तो मंजूर करून घेतला. रस्ता आला की माणसं येतील, असं त्यांनी चौकात उभं राहून सांगितलं होतं. रस्ता ओरोसियामावशीच्या खळ्यातून गेला, मधोमध, खळ्याचे दोन तुकडे करून. तेही तिनं सोसलं असतं. पण ज्या वर्षी रस्ता झाला त्याच वर्षी त्याच रस्त्यावरून चार घरं गेली. खाटा, कपाटं, कोंबड्या ट्रकवर चढवून गेली. शेवटी मावशीची धाकटी बहीण साबिना निघाली, बार्सिलोनाला. ट्रक दुसऱ्या वळणाआड जाईपर्यंत मावशी खळ्यात उभी होती. साबिनानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याच दिवशी मावशी सेनोनकाकांना म्हणाली, तुझ्या रस्त्यानं गेली, तुझ्याच रस्त्यानं परत आण, तोवर तुझ्याशी बोलणं नाही. दोन वर्षांनी साबिना तिकडेच वारली.

"आता कुठून आणणार तो तिला?" एव्हेलियो म्हणाला, आणि मग इसार्बेला सांगितलं की पुढे तिसरं वळण आहे, हॉर्न वाजव.

म्हणजे खोट माझ्यात नव्हती, माझ्या चाकांखालच्या रस्त्यात होती. मला हायसं वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

इसार्बे हुशार मुलगी. नुसत्या पावावर गाडी चालेना, तेव्हा तिनं दर शनिवारी प्रवासी न्यायला सुरुवात केली. एक जण पुढे, एक मागे पावाच्या क्रेटांशेजारी घडीच्या सीटवर. घळ बघा, गिधाडं बघा, खडकावरची गावं बघा, आणि पाव वाटायला मदतही करा. लोकांना हे भारी आवडलं. मला तर मेजवानीच होती. जर्मन आले, फ्रेंच आले, माद्रिदचे आले, आणि सगळे एकच करायचे. घळ समोर असताना फोनमध्ये बघायचे आणि फोन बंद पडला की घळीकडे बघायचे.

सेनोनकाका शनिवारी दाढी करून, काळी टोपी घालून चौकात उभे राहायचे. माणसं येतील म्हटलं होतं ना, आली की नाही, हे त्यांना मोठ्यांदा म्हणायचं असायचं, पण ते इसार्बेशी बोलल्यासारखं करून म्हणायचे. मावशी दारातून सगळं ऐकायची आणि इसार्बेलाच सांगायची, ही माणसं नाहीत गं, नुसत्या टोप्या आहेत, दुपारपर्यंत उडून जातील.

मागच्या वर्षी मे महिन्यात हॉलंडचं एक जोडपं आलं. तो योप, ताडमाड उंच, गुडघे हनुवटीला टेकवून मागे बसला होता. भला माणूस, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा फोटो हवा. आल्केसला पाव वाटून, गाव बघून झालं तोवर काका घरात गेले होते आणि मावशी आपला पाव आत ठेवून खडकाखालच्या मळ्यात गेली होती, झऱ्याच्या काठी तिचा भाजीचा तुकडा आहे तिथे. निळ्या दारावर रिकामी पिशवी लटकत होती. ते दार, ती पिशवी आणि त्यातून डोकावणारा पाव असा फोटो योपला हवा होता. त्यानं स्वतःसाठी घेतलेला लांब पाव त्या पिशवीत घातला आणि सात-आठ फोटो काढले. मी बघत होते. मला काय, मी नवल करत राहिले. मग आम्ही निघालो.

दोन वाजता आम्ही कास्तेलारच्या खाणावळीसमोर उभे होतो. खिडकी उघडी होती, त्यामुळे मला आतलं सगळं ऐकू येत होतं. इसार्बेनं मांसाचे काप मागवले आणि योपला म्हणाली, तुमचा पाव काढा, आपण तोच कापू. योप मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला की तो त्यानं आजीबाईंना भेट म्हणून दिला. दारावरच्या पिशवीत ठेवून आलाय.

खुर्ची मागे पडल्याचा आवाज आला. इसार्बे धावत बाहेर आली, तिच्यामागे ते दोघं.

"अहो, सेनोनकाका आत्ता जेवायला बसायचे. ते पिशवी बघतील!"

योपला काही कळेना, पण तो मागे चढला आणि बायकोलाही त्यानं ओढून घेतलं. इसार्बेनं मला अशी कधी पिटाळली नव्हती. क्रेट इकडून तिकडे आदळत होते. खाली घळ होती, गिधाडं होती, आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. माझं इंजिन तापलं, मला धाप लागली, पण मी थांबले नाही. मला एकच दिसत होतं. सज्जातले काका, आणि भर दुपारी समोर लटकणारा पाव.

पोचलो तेव्हा काका निळ्या दाराशेजारच्या खिडकीखाली फरशीवर पडले होते. शेजारी उलटलेली खुर्ची होती. त्यांनी हाका मारल्या होत्या, दार बडवलं होतं, आणि उत्तर येईना तेव्हा शहाऐंशी वर्षांचा हा माणूस खुर्चीवर चढून खिडकीतून आत शिरायला गेला होता. उजवा पाय भलत्याच दिशेला वळला होता. तोंड पांढरंफटक पडलं होतं. इसार्बेला बघून ते एवढंच म्हणाले, "माझं सोड. ती आत आहे, दार फोड."

तेवढ्यात खालच्या वाटेनं मावशी वर आली, हातात कांद्याच्या पातीची टोपली. तिनं काकांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, पिशवीतल्या पावाकडे पाहिलं. तिला सगळं समजायला एक क्षण पुरला असावा, कारण गावात ही रीत तीसुद्धा जन्मभर पाळत आली होती. ती दार उघडून आत गेली आणि आपली उशी घेऊन आली. काकांनी तिला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. रडत होते बिचारे, ती जिवंत आहे म्हणून.

इसार्बेनं काकांच्या घरून फोन लावला. अँब्युलन्स खालच्या पुलापर्यंतच येणार होती, वरची वळणं तिला झेपत नाहीत. मग योपनं काकांना अलगद उचललं आणि माझ्या मागच्या भागात पिठाच्या पोत्यांवर निजवलं. तोवर आपल्यामुळे काय झालं, हे त्याचं त्यालाच कळून चुकलं होतं, आणि एवढा मोठा माणूस मुलासारखा कावराबावरा झाला होता. क्रेट बाहेर काढले तरी मागे एकाच माणसाला बसायला जागा होती. पाय हलू नये म्हणून कुणीतरी धरून बसायला हवं होतं. योप मावत नव्हता. त्याची बायको पुढे झाली.

मावशीनं तिला हातानं बाजूला केलं. एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या दाराला धरून वर चढली. जेमतेम चाळीस किलोची असेल ती, पण तिचं पाऊल माझ्यात पडलं आणि माझ्या सगळ्या स्प्रिंगा शहारल्या.

इसार्बे हळूहळू उतरू लागली. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. मावशी काकांचा पाय मांडीवर धरून मागच्या काचेतून बघत होती. घळीचा तळ तिनं जन्मभर पाहिला होता, पण या बाजूनं कधीच नाही. तिसऱ्या वळणाला मला एका दमात वळता येत नाही. थोडं पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे. मागे येताना धक्का बसला आणि काका कण्हले.

"हे वळण एवढं अरुंद कुणी ठेवलं?" मावशी म्हणाली.

इसार्बेचा पाय ब्रेकवरच राहिला. मीही श्वास रोखला. काकांनी डोळे उघडले.

"खडक आडवा होता."

"मग फोडायचा."

"सुरुंगाची परवानगी नव्हती."

"मागितली होतीस?"

काकांनी नजर छताकडे वळवली. "नाही," ते म्हणाले.

"वाटलंच मला."

दुखण्यानं घामाघूम झालेला तो माणूस हसला. मग हसू मावळलं आणि ते म्हणाले, "साबिना इथं उतरली होती."

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"मी ट्रकवर होतो, कपाट धरायला. या वळणाशी तिनं ट्रक थांबवला. खाली उतरली, त्या कठड्यापाशी उभी राहिली. इथून खळं दिसत नाही. तुझं धुराडं दिसतं. ते बघत होती. ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली तरी हलेना."

"रडली?"

"खूप."

मावशी मागच्या काचेशी सरकली. तिथून वर पाहिलं तर खडकाच्या टोकाशी तिचं धुराडं खरंच दिसतं, मी ते हजार वेळा पाहिलंय. तिनं बाहीनं काच पुसली, पुन्हा पाहिलं. अँब्युलन्स पुलावर थांबली असूनही इसार्बेनं गाडी पुढे काढली नाही.

"अडतीस वर्षं, सेनोन," मावशी शेवटी म्हणाली. "सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस."

"मी बोलत नव्हते. तुझं तोंड कुणी बांधलं होतं, गधड्या?"

 काका मावशीच्या एका शब्दाची वाट बघत बसले होते आणि मावशीला हवा होता तो शब्द त्यांच्याच जवळ होता. अबोल्यात दोघांनी गप्प बसायचं असतं, हे या माणसांनी इतकं प्रामाणिकपणे पाळलं! मला दोघांचाही राग आला आणि मला दोघांसाठी रडूही आलं. मावशी आता मोकळेपणानं रडत होती, आणि काकांचा पाय मात्र तिनं घट्ट धरून ठेवला होता.

पुलाजवळच्या उतारावर माझ्या ब्रेकांतून धूर निघाला. कशीबशी थांबले. काकांना अँब्युलन्समध्ये घातलं, मावशीही त्यात चढली, आणि दार लागेपर्यंत ती त्यांना सांगत होती की पूलही वाकडाच बांधलाय.

माझं मात्र तिथेच संपलं. तपासणीवाल्यानं खाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. इसार्बेनं नवी गाडी घेतली. मला भंगारात द्यायचं ठरत होतं, तेव्हा मावशीनं निरोप पाठवला की तिला वर आणा, माझ्या खळ्यात जागा आहे. कास्तेलारच्या ट्रॅक्टरनं मला ओढत आणलं, आणि रस्त्यानं तोडलेल्या त्या अर्ध्या तुकड्यावर, घळीकडे तोंड करून, उभं केलं. काका तीन महिन्यांनी काठी टेकत परत आले. तोवर मावशी दर गुरुवारी इसार्बेच्या नव्या गाडीतून दवाखान्यात जात होती आणि प्रत्येक वळणाला नावं ठेवत होती.

आता हिवाळ्याच्या उन्हात दोघं माझ्यात येऊन बसतात. वारा लागत नाही आणि ऊन लागतं, म्हणून. रविवारी तर आमच्याकडे गावसभा भरते. लहान गावात सगळ्या गावकऱ्यांनी मिळून निर्णय घ्यायचा असतो, आणि सगळे गावकरी म्हणजे हे दोघं. पुढच्या सीटवर काका अध्यक्ष, शेजारी मावशी. विषय एकच, तिसरं वळण रुंद करावं की नाही. मावशी म्हणते करावं, काका म्हणतात खडक ढासळेल. तासभर वादावादी होते, जुनी माणसं निघतात, साबिना निघते, कोण कुठल्या दिवशी कुठल्या ट्रकवर बसून गेलं ते निघतं. मग मतं घेतात. एक विरुद्ध एक. ठराव पुढच्या रविवारवर जातो.

आज रविवारच आहे. ती बघा, दोघं येतायत. तुम्ही परके असलात तरी ती तुम्हाला विचारतील, बाजूला ओढतील, तुमचं मत मागतील. मावशी फार गोड बोलते आणि काकांची काठी बघून दया येते, तेव्हा सांभाळा. माझं एवढंच मागणं आहे, हात वर करू नका, कुणाच्याच बाजूनं नको. काका आता सत्त्याऐंशीचे आहेत, मावशी चौऱ्याऐंशीची, आणि अडतीस वर्षांचं बोलणं अजून शिल्लक आहे.